दुपारचे ऊन आणि फुप्फुसांचे आरोग्य

‘कोवळ्या उन्हात बसा’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला गोड खरा. परंतु त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व घडवणारे अतिनील किरण आपल्यापर्यंत पोहोचतात ते मुख्यतः दुपारच्या सुमारास. आपल्या दिल्लीच्या हिवाळ्यात धुरके त्यांनाही अडवते, आणि तेच फुप्फुसांत दाह माजवते. हे जीवनसत्त्व तेथील भक्षक पेशींना जंतुनाशक प्रथिन घडवण्यास साहाय्य करते, अनावर दाहालाही आवर घालते. मग ते औषध ठरते काय? २०१७ मध्ये २५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात श्वसनसंसर्ग घटलेला दिसला, तो विशेषतः तीव्र कमतरता असलेल्यांत, आणि रोजच्या वा साप्ताहिक मात्रेने. एकदम दिलेल्या मोठ्या मात्रेने नव्हे. पुढील विश्लेषणांत हा लाभही क्षीणच भासला. तेव्हा गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. आणि हवा निवळ असेल त्या दिवशी मुलांची मधली सुट्टी मैदानातच जावी, एवढी शाळेला विनंती.