नावाची राखण

देवास जिल्ह्यातील बागली आणि धार जिल्ह्यातील बाग या गावांच्या नावांत अवघ्या एका अक्षराचा फरक आहे. पण ‘बागचे छापील कापड’ मागणारा ग्राहक तेथील खत्री कारागिरांच्या कसबाचे मोल देत असतो. त्या कापडाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

आता संगणकाच्या आभासी बाजारात वस्तूंची नुसती चित्रेही विकली जातात. तेथे कापड हाताला लागत नाही. मग उरते ते केवळ नाव. २०२१ साली अमेरिकेतील एका कलावंताने हर्मेस या फ्रेंच पेढीच्या बर्किन पिशव्यांची लोकरी रूपातील चित्रे ‘मेटाबर्किन्स’ या नावाने विकली. २०२३ साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने पेढीला १ लाख ३३ हजार डॉलर भरपाई देवविली. चामडे कोणी चोरले नव्हते. चोरीस गेले होते ते नाव!

आपल्याकडे १९९९ च्या कायद्यान्वये व्यापारचिन्हांची नोंदणी वर्गवारीने होते. कापड २४ व्या वर्गात येते, संगणकावर उतरवून घ्यावयाच्या आभासी वस्तू ९ व्या. म्हणून ज्या कारागिराचे स्वतःचे चिन्ह आहे, त्याने ते कापडापुरतेच नोंदवून स्वस्थ बसू नये. लाकडी ठसा झिजला तर नवा कोरता येतो. गेलेली पत पुन्हा कोरता येत नाही.