पाठीमागचा डोळा



मोटार पुढे नेण्याची विद्या पुष्कळांना येते. ती मागे घेण्याची विद्या थोड्यांनाच साधते. एस.टी.ची गाडी स्थानकात मागे घ्यावयाची असली म्हणजे कंडक्टर खाली उतरतो, पाठीमागे उभा राहतो आणि शिटी वाजवितो. मालट्रकचा क्लीनर पत्र्यावर थाप मारीत ‘येऊ द्या, येऊ द्या’ असे ओरडतो, आणि थाप थांबली की चालकाचा पाय ब्रेकवर जातो. या दोघांचे काम आता एक लहानसा कॅमेरा करू पाहत आहे. या कॅमेऱ्याची खरी कसोटी जेथे लागते, त्या अमेरिकेतील प्रवासी ट्रेलरसंबंधी मी आज चार शब्द सांगणार आहे.

प्रवासी ट्रेलर म्हणजे चाकांवरील लहानसे घर. त्याला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीच्या किंवा पिकअप गाडीच्या पाठीच्या आकड्याला जोडून ते ओढून न्यावयाचे असते. आत बिछाने, चूल, पाण्याची टाकी, न्हाणी, सर्व काही. अमेरिकेतील इंडियाना राज्याचे एल्कहार्ट हे गाव या घरगाड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. सुटी लागली की कुटुंबेच्या कुटुंबे असा ट्रेलर घेऊन राष्ट्रीय उद्यानांकडे निघतात. आपल्यापैकी अनेकांची मुले आणि नातवंडे त्या देशात आहेत, आणि त्यांच्याकडे गेलेल्या आजी-आजोबांनाही या प्रवासाचा योग येतो. इकडे महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही.

ट्रेलर जोडला की चालकाची अडचण काय होते ते पाहा. मधल्या आरशात मागच्या रस्त्याऐवजी ट्रेलरची भिंत दिसते. बाजूच्या आरशांतून दोन्ही कडा दिसतात, परंतु पाठीमागचा मधला पट्टा सर्वस्वी अदृश्य होतो. मोटारीला कारखान्यातूनच बसविलेला कॅमेरा असला, तरी त्यालाही ट्रेलरच दिसतो. शिवाय ट्रेलर मागे नेताना सुकाणू डावीकडे फिरविले तर ट्रेलरची पाठ उजवीकडे जाते. म्हणजे एकीकडे दिसत नाही आणि दुसरीकडे हात उलटे चालवावे लागतात.

न दिसणारा हा पट्टा किती घातक असतो, हे अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन जाणले. २००२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड येथे कॅमेरॉन गुलब्रान्सन नावाचे दोन वर्षांचे बालक घराच्या अंगणवाटेवर मोटारीखाली सापडून मरण पावले. मोटार मागे घेणारे त्याचे स्वतःचे वडील होते, आणि ते बालरोगतज्ज्ञ होते. निष्काळजीपणा हा शब्द येथे लावता येणार नाही. मोटारीमागचे इतके लहान मूल त्यांना दिसणेच शक्य नव्हते. त्या बालकाच्या नावाने केलेला कायदा २००८ साली मंजूर झाला. त्याचा नियम २०१४ मध्ये पक्का झाला आणि १ मे २०१८ पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला मागचे चित्र दाखविण्याची सोय सक्तीची झाली. वाहनामागची १० फूट रुंद व २० फूट लांब जागा चित्रात दिसली पाहिजे, असे हा नियम सांगतो. नियम करतेवेळी तेथील वाहतूक सुरक्षा खात्याने अंदाज दिला होता तो असा: हलकी वाहने मागे घेताना वर्षाला सुमारे २१० माणसे मरतात आणि १५,००० जखमी होतात, मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालील बालके आणि २६ टक्के सत्तरीपलीकडील वृद्ध असतात. आपल्या देशातही १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा अडथळा ओळखून इशारा देणारी यंत्रणा आवश्यक ठरली आहे.

परंतु अमेरिकेतील तो नियम मोटारीपुरता आहे. ट्रेलरला तो लागू नाही. म्हणून ट्रेलरच्या पाठीवर कॅमेरा बसवावयाचा की नाही, आणि बसवावयाचा तर कोणता, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

तारेचा कॅमेरा सर्वांत भरवशाचा. पण ट्रेलर रोज जोडावयाचा आणि सोडावयाचा असल्याने मोटारीपर्यंत आणखी एक तार नेणे गैरसोयीचे होते. म्हणून बहुतेक लोक बिनतारी कॅमेरा पसंत करतात. कॅमेरा चित्र टिपतो, आणि जशा लहरींवरून हे भाषण आपल्या घरी येत आहे, तशाच पण फार आखूड लहरींवरून ते चालकापुढील पडद्यावर पाठवितो. या लहरी बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या असतात. त्यांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. घरातील वाय-फाय आणि ब्लूटूथ ही यंत्रेही याच लहरी वापरतात, त्यामुळे मुक्कामाच्या मैदानावर तेथे मोठी गर्दी होते. जुन्या ॲनालॉग पद्धतीच्या कॅमेऱ्यात चित्राला मुंग्या येत, किंवा शेजारच्याच गाडीचे चित्र आपल्या पडद्यावर उमटे. डिजिटल कॅमेऱ्यात कॅमेरा व पडदा यांची जोडी आधीच जुळविलेली असते, आणि अनेक कॅमेरे क्षणोक्षणी लहर बदलीत राहतात. लहर बदलण्याच्या या युक्तीचे एक पेटंट ११ ऑगस्ट १९४२ रोजी चित्रपटनटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळाले होते. टॉर्पेडोला दिशा देणारा बिनतारी संदेश शत्रूला अडविता येऊ नये, हा त्यांचा हेतू. युद्धासाठी सुचलेल्या त्या कल्पनेच्या जातीची युक्ती आज लेकराबाळांच्या रक्षणासाठी उपयोगी पडावी, ही समाधानाची गोष्ट आहे.

कॅमेरा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट अंतर. खोक्यावर शेकडो फूट लिहिलेले असते, पण ते मोकळ्या मैदानावरचे. पंचवीस फुटांचा ट्रेलर, त्याची दांडी आणि पुढे मोटार धरून कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत चाळीस फुटांच्या आसपास अंतर होते, आणि मध्ये भिंती, शीतपेटी, पत्रा असे अडथळे असतात. धातू या लहरींना अडवितो. म्हणून ॲल्युमिनियमच्या अंगाच्या ट्रेलरला ही अडचण अधिक. अशा वेळी अँटेना ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी आणता येईल असा संच घ्यावा.

दुसरी गोष्ट विलंब. चित्र पोहोचण्यास क्षणभर उशीर होतो, आणि हा क्षण क्षुल्लक नव्हे. ताशी पाच किलोमीटर म्हणजे माणसाच्या चालीने मागे येणारी गाडीसुद्धा एका सेकंदात सुमारे १.४ मीटर सरकते. चित्राला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर गाडी सत्तर सेंटिमीटर पुढचे काम उरकून बसलेली असते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाय-फायने चित्र दाखविणारे कॅमेरे स्वस्त असतात. परंतु त्यांत हा विलंब किती आहे ते आधी तपासावे. स्वतंत्र पडद्याचा संच पुष्कळदा अधिक भरवशाचा ठरतो.

तिसरी गोष्ट दृष्टीचा कोन. रुंद कोनाचे भिंग पुष्कळ जागा दाखविते, पण त्यात वस्तू असते त्याहून दूर भासते. चौथी गोष्ट पाऊस, धूळ आणि अंधार यांपासून बचाव. आयपी ६७ किंवा आयपी ६९के असा शिक्का असलेला कॅमेरा पाण्याला दाद देत नाही, आणि अवरक्त दिव्यांचा कॅमेरा रात्रीही काही अंतर पाहतो.

आता बसविण्याकडे वळू. बिनतारी म्हटले तरी चित्र तेवढे बिनतारी येते. वीज मात्र तारेनेच द्यावी लागते. मोटारीत हा कॅमेरा मागच्या पांढऱ्या दिव्यावर जोडतात. पुष्कळ ट्रेलरांना तसा दिवाच नसतो. अमेरिकेतील ट्रेलरच्या सात जोडांच्या प्लगात मधला जोड त्यासाठी राखलेला असतो, परंतु तो ट्रेलरच्या शेवटापर्यंत नेलेला असेलच असे नाही. म्हणून ट्रेलरच्या माथ्यावरील लहान दिव्यांच्या तारेतून वीज घेणे ही रूढ पद्धत आहे. काही ट्रेलरांना तर कारखान्यातच तेथे कॅमेऱ्यासाठी बैठक आणि तार ठेवलेली असते. यातली मेख एवढीच की मोटारीचे दिवे लावल्याखेरीज कॅमेरा जागा होत नाही. दिवसाउजेडीही दिवे लावण्याची सवय करावी लागते. काम सुरू करण्यापूर्वी मोटारीचा प्लग काढून बॅटरी सोडवावी, आणि नव्या तारेवर संचासोबतच्या कागदात सांगितलेल्या मापाचा फ्यूज अवश्य घालावा.

भोक पाडण्याची घाई मात्र कोणी करू नये. प्रथम कॅमेरा चिकटपट्टीने माथ्याच्या मध्यभागी तात्पुरता लावावा, वीज जोडावी, मोटार ट्रेलरला अडकवून एक फेरी मारावी. वळणावर, इतर गाड्यांच्या गर्दीत चित्र टिकते का ते पाहावे. चित्राच्या तळाशी ट्रेलरची मागची कडा किंचित दिसेल इतका कॅमेरा खाली झुकवावा. ती कडा हेच अंतर मोजण्याचे आपले माप. मागे सायकली टांगण्याची चौकट असेल तर ती आड येते का तेही पाहावे. पडद्यावर डावे ते डावेच दिसते ना, म्हणजे चित्र आरशाप्रमाणे उलटविलेले आहे ना, याची खात्री करावी. हे सर्व पटल्यावरच भोक पाडावे, आणि ते छताला मानवणाऱ्या लांबीने बुजवावे. रबरी छतावर साधे सिलिकॉन नीट धरत नाही. एका स्क्रूच्या भोकातून झिरपलेले पाणी आतले लाकूड कुजविते, आणि घर गळू लागेपर्यंत कोणाला त्याचा पत्ता लागत नाही.

पडद्यावर ज्या हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रेघा दिसतात त्यांवर एकदम विश्वास टाकू नये. त्या बहुधा मोटारीच्या उंचीसाठी आखलेल्या असतात. ट्रेलरमागे तीन, सहा आणि दहा फुटांवर विटा ठेवून प्रत्येक वीट पडद्यावर कोठे दिसते हे स्वतः पाहून घ्यावे. मागे एक माणूस उभा करून त्याला हात हलवावयास सांगावे. डिजिटल चित्राची एक खोड आहे. जुन्या पद्धतीत लहरी तुटल्या तर चित्र बिघडून ते कळे. डिजिटल चित्र कधीकधी जागच्या जागी थिजते आणि स्वच्छ दिसत राहते. मोकळी दिसणारी वाट ही मागच्या घटकेची वाट असू शकते. म्हणून गाडी हलूनही चित्र हलत नसेल, तर ब्रेक दाबणे हाच एक उपाय.

आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. पडद्यावर नजर खिळली की चालकाला बाजूचा विसर पडतो. ट्रेलर दुमडून त्याचा पुढचा कोपरा मोटारीच्याच पाठीवर आदळतो, वरची फांदी छत ओरबाडते. यातले काहीही कॅमेऱ्याला दिसत नाही. नवशिक्याने सुकाणूच्या तळाशी हात धरावा; हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलरची पाठ जाते. गाडी अगदी हळू चालवावी, आणि शंका आली की थांबून, खाली उतरून, स्वतः मागे जाऊन पाहावे. मुले असतील तर मोठ्या माणसाने त्यांना हाताशी धरून चालकाला दिसेल अशा जागी उभे राहावे, आणि मगच गाडी मागे हलावी. ही शिस्त लावण्यास पैसा पडत नाही.

प्रवासाला निघताना कोणी गाडीत गणपतीची मूर्ती ठेवतो. आम्हां ख्रिस्ती लोकांत संत ख्रिस्तोफरचे पदक लावण्याची चाल आहे. ती श्रद्धा उचितच होय. परंतु कोणत्याही देवाने वा संताने चालकाला मागे न पाहण्याची सवलत दिलेली नाही, आणि कॅमेराही ती देऊ शकत नाही. कॅमेरा पुढच्या माणसाला मागचे दाखवितो. कंडक्टर मात्र पाहतो, विचार करतो आणि शिटी वाजवून गाडी थांबवितो. दाखविणे आणि पाहणे यांत एवढे अंतर आहे. यंत्र पहिले काम करील. दुसरे आपल्याकडेच राहील. तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी कॅमेरा अवश्य बसवावा. आणि बसविल्यावरही मागे एक माणूस उभा करावा.