चरबी अडवणारे औषध : अपेक्षा आणि हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक आरोग्य मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजारांविषयी डॉक्टरांनी बोलावे आणि जमाखर्च मी मांडावा, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. आज तो थोडा मोडत आहे, याची मला जाणीव आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकाचा अधिकार मला नाही. म्हणूनच या भाषणातील वैद्यकीय भाग आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण त्याची सुरुवात डॉक्टरांच्या खोलीत झाली नाही, माझ्या टेबलापाशी झाली.

एके दिवशी एक मध्यमवयीन भगिनी आपल्या मुलासह तक्रार घेऊन आल्या. वजन कमी करण्यासाठी त्यांना ऑर्लिस्टॅट नावाचे औषध लिहून दिले होते. आपल्याच औषध खिडकीवरून ते दिले गेले आणि पाकिटावर 'दिवसातून तीन वेळा, जेवणासोबत' एवढेच लिहिले गेले. तिसऱ्या दिवशी त्या एका लग्नाच्या पंगतीत जेवल्या आणि संध्याकाळच्या गाडीने नांदेडला निघाल्या. प्रवासात अचानक शौचाची घाई झाली, साडीला नारिंगी तेलाचा डाग पडला. आपले गाव लाल मिरचीच्या बाजारपेठेचे. त्यांना प्रथम वाटले की ही रश्शावरची तर्रीच असावी. नंतर वाटले की आतड्याचा मोठा आजार जडला. आठ दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत आणि कोणाशी बोलल्याही नाहीत. तपासणीत कोणताही आजार निघाला नाही. औषध आपले नेमून दिलेले कामच करीत होते. चूक एवढीच झाली होती, की ते काम कोणते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ती चूक आपली होती, हे मी येथे जाहीरपणे मान्य करतो.

म्हणून आज हे औषध घेतल्यावर काय अपेक्षित धरावे आणि काय धरू नये, एवढेच सांगणार आहे.

आपण खातो त्या तेल-तुपाचे कण मोठे असतात. जठरातील आणि स्वादुपिंडातून येणारे लायपेज नावाचे विकर त्यांचे तुकडे करते, आणि मगच ते आतड्यातून शरीरात शिरतात. ऑर्लिस्टॅट या विकराला निष्क्रिय करते. १२० मिलिग्रॅमची मात्रा जेवणासोबत घेतली असता त्या जेवणातील सुमारे ३० टक्के स्निग्धांश न पचता शौचावाटे बाहेर पडतो. ६० मिलिग्रॅमच्या मात्रेत हे प्रमाण सुमारे २५ टक्के असते. औषध मुख्यतः आतड्यातच काम करते. रक्तात त्याचा अंश फारच थोडा जातो. भूक मारणे किंवा मेंदूवर परिणाम करणे हे त्याचे काम नव्हे. अंगावर आधी साठलेली चरबी ते 'जाळत' नाही. ते फक्त नवी आवक काही अंशी अडवते. अमेरिकेत १९९९ साली या औषधाला मान्यता मिळाली, आणि २००७ साली त्याची कमी मात्रा तेथे चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. म्हणजे हे औषध नवखे नाही. त्याचे गुण आणि दोष दोन्ही चांगले माहीत झालेले आहेत.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे वळतो. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर माणशी रोजचे ३३ ग्रॅम तेल झाले. त्यात दूध, तूप, शेंगदाण्याची चटणी यांतील स्निग्धांश मिळवला की आकडा सहज ६० ग्रॅमवर जातो. त्याचे ३० टक्के म्हणजे १८ ग्रॅम, साधारण साडेतीन चहाचे चमचे तेल, रोज न पचता बाहेर पडणार. एका ग्रॅम स्निग्धांशात ९ उष्मांक धरले, तर रोजची बचत १६२ उष्मांकांची झाली. उलट बाजूही पाहा. एका कप चहात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर असेल, तर त्यात ४० उष्मांक आले. असे चार कप चहा घेतले की १६० उष्मांक होतात. औषधाने दिवसभरात वाचवले, ते चार कप चहातील साखरेने परत खात्यात जमा केले! हे औषध साखर अडवीत नाही, भात अडवीत नाही, जिलेबीचा पाक अडवीत नाही. ते फक्त स्निग्धांश अडवते, आणि तोही तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आहार तोच ठेवून केवळ औषधावर विसंबणाऱ्याच्या पदरी निराशा का येते, ते या जमाखर्चातून ध्यानी यावे.

मग उपयोग किती? स्वीडनमध्ये ३,३०५ स्थूल व्यक्तींवर चार वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सर्वांनाच आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन होते. निम्म्यांना हे औषध आणि निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी कॅप्सूल दिली होती. चार वर्षांअखेर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.८ किलो घटले, इतरांचे ३ किलो. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा तीन किलोंपेक्षाही थोडा कमी. 'महिन्यात दहा किलो' अशा जाहिराती वाचलेल्या माणसाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच अभ्यासात औषध न घेणाऱ्यांपैकी ९ टक्के लोकांना मधुमेह झाला आणि औषध घेणाऱ्यांपैकी ६.२ टक्क्यांना. तेव्हा थोडे वजन टिकून उतरले, तरी त्याचे मोल मोठे असते. अपेक्षा धरायची ती एवढी धरावी : ८० किलोच्या माणसाचे तीन महिन्यांत चार किलो, म्हणजे ५ टक्के वजन उतरले तर औषध लागू पडले. बारा आठवड्यांत तेवढे उतरले नाही, तर ते पुढे चालू ठेवण्यात सहसा अर्थ नसतो. डॉक्टरांना भेटून ते थांबवावे.

आता त्या गोष्टी सांगतो ज्या बोलायला संकोच वाटतो. बोलल्या न गेल्यामुळेच आपल्या त्या भगिनीवर तो प्रसंग ओढवला. औषध सुरू केल्यापासून एक-दोन दिवसांत शौच तेलकट, मऊ आणि फिकट होऊ शकते. पाण्यावर तेलाचा नारिंगी तवंग दिसतो. वायू सरताना थोडे तेल बाहेर येऊन कपड्याला डाग पडू शकतो. शौचाची घाई होते, आणि क्वचित ती आवरत नाही. जेवणात तेल जितके जास्त, तितका हा त्रास जास्त. तेलाचा अंश तीन जेवणांत विभागून प्रत्येक जेवणात साधारण १५ ग्रॅमच्या आसपास ठेवला, तर बहुतेकांना तो सुसह्य होतो आणि काही आठवड्यांत कमी होतो. औषध बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत शौच पूर्ववत होते. सुरुवातीचे काही दिवस लांबचा प्रवास आणि दिवसभराची शेतातील कामे टाळावीत, गडद रंगाची वस्त्रे वापरावीत, सोबत जादा कपडे ठेवावेत. ज्या घरी शौचालयाची सोय नाही किंवा जिच्या कामाच्या ठिकाणी ती नाही, अशा भगिनीने हे औषध सुरू करण्यापूर्वी ही अडचण डॉक्टरांना अवश्य सांगावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

घेण्याची रीत सोपी आहे. मुख्य जेवणासोबत, किंवा जेवण झाल्यावर तासाभरात एक कॅप्सूल घ्यावी. जेवण चुकले, किंवा जेवणात स्निग्ध पदार्थच नसला, तर त्या वेळची मात्रा घेऊ नये. पुढच्या वेळी दुप्पटही घेऊ नये. येथे उपवासाविषयी सांगणे आवश्यक वाटते. एकादशीला 'आज जेवण नाही' असे आपण म्हणतो, पण ताटात तुपातली साबुदाण्याची खिचडी असते, आणि शेंगदाण्यात तर जवळजवळ निम्मे तेलच असते. औषधाच्या दृष्टीने हा उपवास नव्हे, तेलकट जेवण आहे! काही जण पंगतीच्या दिवशी त्रास टाळण्यासाठी औषधच चुकवतात. त्यांना त्रास होत नाही हे खरे, पण त्या दिवशीचे सर्व तेल पदरी पडते. पंगतीत पाने वाढली जात असताना पुरी-भज्यांना हात जोडावेत, हाच सरळ मार्ग.

तेलाबरोबर अ, ड, ई आणि के ही स्निग्धांशात विरघळणारी जीवनसत्त्वेही काही प्रमाणात वाया जातात. त्यासाठी डॉक्टर बहुजीवनसत्त्वाची एक गोळी देतात. ती ऑर्लिस्टॅटपासून किमान दोन तास दूर, शक्यतो रात्री झोपताना घ्यावी. थायरॉइडच्या गोळीत आणि या औषधात चार तासांचे अंतर हवे. रक्त पातळ करणारे वॉरफरीन, फिटांची औषधे, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचे सायक्लोस्पोरीन, मधुमेहाची औषधे यांपैकी काही चालू असल्यास डॉक्टरांना प्रथम सांगावे. वजन उतरू लागले की मधुमेहाच्या औषधाची मात्रा बदलावी लागू शकते. तीव्र जुलाब झाल्यास संततिनियमनाच्या गोळ्यांचा भरवसा धरू नये. गर्भवती, स्तनदा माता, अन्नशोषणाचा जुना विकार असलेले रुग्ण आणि ज्यांच्या पित्ताचा प्रवाह अडलेला आहे, त्यांनी हे औषध घेऊ नये. मूतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर विशेष सांभाळावे; आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्यांनी तर अधिकच. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, पोटात तीव्र दुखणे अशी लक्षणे दिसली तर औषध थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यकृताला इजा होण्याचे प्रसंग फार विरळ आहेत. परंतु विरळ आहेत म्हणून ते सांगायचेच नाहीत, असे होऊ नये.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. 'चरबी वितळवणारी' चूर्णे आणि गोळ्या घरपोच विकल्या जातात. सिब्युट्रामिन नावाचे वजन घटवणारे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवते असे आढळल्यामुळे २०१० साली युरोप-अमेरिकेतून मागे घेतले गेले आणि २०११ साली भारतात त्यावर बंदी आली. त्यानंतरही 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत ते लपवून मिसळलेले अमेरिकेच्या औषध प्रशासनाला आढळले आहे. ऑर्लिस्टॅटचा तेलकट त्रास निदान उघड दिसतो. छुपी भेसळ मात्र हृदय बिघडेपर्यंत दिसत नाही. २०२५ सालापासून भारतात वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने मिळू लागली आहेत. ती भूक कमी करतात आणि त्यांचा परिणाम बराच अधिक आहे. परंतु त्यांचे पथ्य आणि धोके वेगळे आहेत, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेण्याची वस्तू नव्हे.

शेवटी, हे औषध कोणासाठी? आपण भारतीय शरीराने काटक दिसलो, तरी आतून तसे असतोच असे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे आपले सहकारी डॉ. युडकिन यांच्यासह स्वतःचीच मोजणी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा हा निर्देशांक २५ असतानाच आखली गेली. पाच फूट तीन इंच उंचीच्या व्यक्तीसाठी ते सुमारे ६४ किलो होतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या आत असावा. याचा अर्थ ही रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाने औषध घ्यावे, असा नव्हे. आधी काटा, मोजपट्टी आणि रक्ताची तपासणी. मग ताटातले तेल आणि कपातली साखर. मग रोजचे चालणे. आणि एवढे करूनही गरज उरली तर डॉक्टरांच्या निर्णयाने औषध, हा क्रम आहे.

त्या भगिनीच्या तक्रारीनंतर आपण तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध आपल्या खिडकीवरून दिले जात नाही. औषधासोबत मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांतील माहितीपत्रक दिले जाते, कारण आपले निम्मे नातेगोते सीमेपलीकडे आहे. आणि परिचारिका भगिनी रुग्णाला बाजूला बसवून, विशेषतः स्त्रियांना, पाच मिनिटे सर्व समजावून सांगतात व बारा आठवड्यांनंतरच्या भेटीची तारीख केसपेपरवर लिहून देतात. या पाच मिनिटांचा खर्च ताळेबंदात कोठेही दिसणार नाही. मात्र ती दिली नाहीत तर काय होते, ते त्या भगिनीने आठ दिवस सोसले आहे. त्यांनी घरी न बसता येथे येऊन तक्रार केली, याबद्दल संस्थेच्या वतीने मी त्यांचा ऋणी आहे.



जय हिंद! जय महाराष्ट्र!