रेसिडेंटाचा नकाशा

कळंबच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची नक्कल हाती पडली, की शेतकरी आधी बघतो ते आपलं शेत कागदावर केवढं दिसतंय. दिसतं बोटभर, आणि माणूस खट्टू होतो. आपल्या मराठवाड्याच्या जुन्या राजधानीत, निजामाच्या हैदराबादेत, दोनशे वर्षांपूर्वी नेमकं उलटं घडलं.

निजामाच्या दरबारी तेव्हा जेम्स किर्कपॅट्रिक हा इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे वकील, होता. मुसी नदीपलीकडे, आजच्या कोठी भागात, त्याचा महाल झाला तो निजामाच्याच खर्चानं. त्याला लागून थोडी जमीन हवी म्हणून त्यानं इंजिनिअरकडून मोजणी करवली आणि भलामोठा नकाशा हुजुरांपुढे उलगडला. हुजुरांनी तो गंभीरपणे न्याहाळला आणि दिलगिरी दाखवत नाही म्हटलं. मागाहून दिवाणानं हसत खुलासा केला: हुजुरांनी अख्ख्या राज्याचा नकाशासुद्धा एवढा मोठा पाहिलेला नाही, ते घाबरले, लहान काढून आणा. रेसिडेंटानं तीच जागा छोट्याशा कार्डावर काढून नेली. लगेच मंजुरी!

ही हकिकत जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवली आहे. सांगणारा इंग्रज, तेव्हा निजाम भोळा दिसायचाच. मला काही तो भोळा वाटत नाही. परक्या वकिलाला जागा देताना दोन बिघे कमी की जास्त, हा प्रश्न दुय्यम; तो वाड्यापासून किती लांब राहील, हे दरबार आधी बघतो. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी 1786 साली आलेल्या इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटची रेसिडेन्सीसुद्धा शहराबाहेर, मुळा-मुठेच्या संगमावरच झाली. हैदराबादेत मध्ये मुसी होती. अर्थात नदीनं सगळं थोडंच अडतं!

कारण नदीपलीकडून पुढे आलेली मागणी कार्डावर मावणारी नव्हती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या, पण निजामानं पोसायच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी साचली आणि 1853 साली रेसिडेंट लो यानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली लिहून घेतला. नळदुर्गला कारभार बघायला मेडोज टेलर साहेब येऊन बसला. 1860 साली नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला, आणि 1902 साली लॉर्ड कर्झननं तो वर्षाला 25 लाख रुपये खंडानं कायमचा करून घेतला.