विद्यार्थ्याची रेखाटनवही

लखनौच्या जुन्या वस्तीत गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत पसरलेल्या बाजाराला चौक म्हणतात. चिकनचे कापड, अत्तरे, चांदीचे दागिने यांची दुकाने तिथे एकमेकांना खेटून उभी आहेत. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने या बाजारात एक सकाळ रिकाम्या हाताने घालवावी आणि दुसरी वही-पेन्सिल घेऊन. पहिल्या दिवशी त्याला गर्दी दिसेल. दुसऱ्या दिवशी ठसे कोरणाऱ्याच्या हातातील पटाशी कोणत्या कोनात धरलेली आहे, हेही दिसेल. कारण ते समजल्यावाचून पेन्सिल पुढे सरकणारच नाही.

चिकनकामातील जाळीचेच उदाहरण घ्या. पाहणाऱ्याला वाटते की कापडातील धागे कापून किंवा उपसून ही भोके पाडली असावीत. वस्तुतः एकही धागा काढलेला नसतो. सुईने उभे-आडवे धागे अलगद बाजूला सारून ते टाक्यांनी आवळून धरलेले असतात. ही गोष्ट सांगून पटत नाही. पण जाळीचा बोटभर तुकडा मोठा करून वहीत उतरवू लागले की धागे मोजावेच लागतात, आणि समजूत आपोआप दुरुस्त होते. रेखाटनाचा पहिला लाभ हाच: आपण काय पाहिले नव्हते, हे ते दाखवून देते.

चिकनकारीची सुरुवातही रेखाटनानेच होते. लाकडी ठशाने कापडावर निळसर नक्षी उठवतात, तिच्यावर भरतकाम होते आणि शेवटच्या धुलाईत ती नक्षी निघून जाते. कारागिराला रेघ पुसून गेलेली हवी असते. विद्यार्थ्याला मात्र ती जपून ठेवावयाची असते, चुकलेली असली तरीसुद्धा. म्हणून रेखाटनवहीत खोडरबराचे काम फारसे नसावे. चुकीच्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढावी. दोन्ही राहू द्याव्यात.

लखनौच्या शासकीय कलाशाळेची स्थापना 1911 साली झाली. 1925 मध्ये असितकुमार हालदार तिचे प्राचार्य झाले. त्याआधी, 1909 ते 1911 या काळात, लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि हालदार यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. अंधाऱ्या लेण्यांत भिंतीसमोर तासन्‌तास बसून केलेले हे काम म्हणजे डोळ्यांचे कठोर शिक्षणच होते. नंदलाल तर पुढे आयुष्यभर लहान कार्डे जवळ बाळगीत आणि जाता-येता जे दिसेल ते टिपून ठेवीत.

महाराष्ट्रातील एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राचा विषय असतो. पुष्कळ मुले त्यासाठी तयार चित्रे पाठ करतात, आणि मग सगळ्यांच्याच बाजारात तीच छत्री, तोच फुगेवाला येऊन उभा राहतो. दोष मुलांचा नाही. त्यांच्याजवळ पाहिलेल्या गोष्टींचा साठाच नसतो. रोज एक पान भरणाऱ्याजवळ तो हळूहळू जमतो. भाजीवालीची बैठक, हातगाडीचे चाक, पाणी भरणाऱ्याचा वाकलेला पाय हे एकदा काढलेले असले की परीक्षेच्या दिवशी ते हाताला आठवते.

याला खर्च फारसा नाही. खिशात मावेल एवढी वही आणि मऊ शिशाची पेन्सिल पुरते. भारी कागद घेऊ नये. तो खराब होईल या भीतीने हात आखडतो. प्रत्येक पानाखाली स्थळ व तारीख लिहावी, आणि कारागीर कामात असेल तर बसण्यापूर्वी त्याची परवानगी विचारावी.