परसातील फळझाडे आणि किडींचा बंदोबस्त



नाशिक जिल्ह्याचे नाव निघताच निफाड-दिंडोरीकडील द्राक्षमळे आणि सटाणा-मालेगावकडील डाळिंबाच्या बागा डोळ्यांपुढे येतात. त्या बागांच्या रक्षणाविषयी बागाईतदार दक्ष असतो. परंतु परसातील पेरू वा लिंबाच्या एखाददुसऱ्या झाडाकडे सहसा दुर्लक्षच होते. आणि लक्ष गेलेच, तर मळ्यात उरलेले औषध आणून फवारले जाते. हा दुसरा प्रकार अधिक घातक होय, कारण परसातले फळ मुले न धुताच खातात. एके काळी सर्रास वापरले जाणारे एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभर बंद झाले, हे विसरता कामा नये.

पेरूचा खरा वैरी फळमाशी. पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली ती अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ गळते, आणि अळी मातीत शिरून कोषात जाते. त्याच मातीतून नवी माशी निघते. झाडाखाली कुजत पडलेला पेरू म्हणजे पुढील पिढीची बेगमीच! गळालेली फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरावीत. आळ्यातील माती हलवून कोष उन्हाला व पाखरांना उघडे करावेत. फळ पिकू लागण्यापूर्वीच त्याला कागदी वा कापडी पिशवी बांधावी. मिथिल युजेनॉलचा सापळा उपयुक्त खरा, पण त्यात केवळ नर सापडतात. आणि शेजारची माशी कुंपण मानीत नाही. ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन सबंध आळीत एकाच वेळी सापळे लावविले, तर अधिक गुण येतो. पावसाळी पेरूला हा उपद्रव सर्वाधिक असतो. म्हणून उन्हाळ्यात पाण्याचा ताण देऊन मृग बहार धरावा; हिवाळ्यात येणारी ही फळे गोडीलाही सरस असतात.

पिठ्या ढेकणाची गोष्ट निराळी. त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. तेव्हा बुंध्याला ग्रीसचा पट्टा ओढून मुंग्यांची वाट प्रथम अडवावी. क्रिप्टोलिमस नावाचा ऑस्ट्रेलियन भुंगेरा या किडीचा हाडवैरी. १८९८ साली तो भारतात आणला गेला. गंमत अशी, की त्याची अळीही पांढऱ्या मेणकट तंतूंनी झाकलेली, दिसायला थेट पिठ्या ढेकणासारखी. त्यामुळे अजाणता मित्रच चिरडला जातो. अंगाने मोठी आणि चपळ असेल, ती अळी राखावी.

लिंबाची कोवळी पाने खाणारी फुलपाखराची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते. एखाददुसऱ्या झाडासाठी फवारणी कशाला? हाताने वेचणे पुरे.

एवढ्यानेही कीड न आवरल्यास निंबोळी अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावी, किंचित साबण मिसळून त्याच दिवशी सायंकाळी फवारावी. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर गळतात. शाळा उघडताच शिक्षकांनी मुलांकडून त्या वेचून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. साठवण गोणपाटात करावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी लागते.