किण्वातील जनुकांची पारख



गोव्यातील पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पावाचे पीठ फुगवीत असत. साखर कारखान्यांच्या आसवनीत उसाच्या मळीपासून मद्यार्क तयार होतो. दोन्हीकडे राबणारा कामगार एकच, यीस्ट म्हणजेच किण्व. साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायू सोडणारा हा एकपेशीय जीव आहे. १९९६ साली त्याच्या १६ गुणसूत्रांचे वाचन पूर्ण झाले आणि सुमारे ६,००० जनुकांची यादी हाती आली. परंतु यादी मिळणे वेगळे आणि कोणते जनुक काय काम करते हे उमगणे वेगळे.

घरातील माणसाचे काम तो परगावी गेल्यावर कळते. शास्त्रज्ञही तेच करतात. एक जनुक काढून टाकतात आणि काय अडते ते पाहतात. उद्योगातील किण्वात मात्र एकेका जनुकाच्या दोन किंवा अधिक प्रती असतात. एक काढली तरी दुसरी काम चालू ठेवते आणि प्रयोगकर्ता फसतो. जनुक-संपादनाचे क्रिस्पर तंत्र २०१२ साली पुढे आले व २०१३ मध्ये किण्वात वापरले गेले. त्यात एक मार्गदर्शक रेणू कॅस-९ या विकराला नेमक्या जागी नेतो, विकर तेथे छेद देते आणि किण्व सोबत पुरविलेल्या नमुन्याबरहुकूम तो छेद सांधते. न बदललेली प्रत पुन्हा छेदली जाते. त्यामुळे सर्व प्रती एकाच खेपेस बदलता येतात.

ग्लिसरॉलचे उदाहरण घ्यावे. मद्यार्क बनताना चार टक्क्यांपर्यंत साखर ग्लिसरॉलमध्ये जाते. आसवनीच्या हिशेबात ही गळतीच, आणि ती खटकणे स्वाभाविक आहे. मग ती घडविणारी जीपीडी-१ व जीपीडी-२ ही जनुके काढूनच का टाकू नयेत? तसे करून पाहण्यात आले. जीपीडी-१ गेले की दाट साखरेत किण्व कोमेजते. मिठाने लोणच्याच्या फोडींना पाणी सुटावे तसे पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. ते धरून ठेवणारे ग्लिसरॉलच तेथे नसते. जीपीडी-२ नसले तर हवेवाचून वाढ मंदावते, कारण वाढताना साचणारा हायड्रोजनचा भार उतरविण्याची वाट तीच. दोन्ही काढल्यास हवाबंद टाकीत किण्व वाढतच नाही. गळती वाटली ती खरे तर राखण होती!

नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी २०१० मध्ये निराळी वाट काढली. दोन्ही जनुके काढलेल्या किण्वात त्यांनी एका जीवाणूचे जनुक बसविले. हायड्रोजनचा भार आता ॲसिटिक आम्लावर उतरू लागला; ग्लिसरॉल न बनविता, त्या आम्लाच्या पुरवठ्यावर, किण्व हवेवाचून वाढले. दाट साखरेपुढे मात्र ते दुबळेच राहिले. मळीच्या टाकीत तर साखरेबरोबर क्षारही भरपूर असतात. तेव्हा तेथील किण्वाला जीपीडी-१ इतक्यात तरी सोडता येत नाही.